दगडावर काय लिहायचं

आमच्या मोताळ्याच्या घराच्या अंगणात अडीच वर्षं एक काळा दगड पडून होता. हाताभरापेक्षा थोडा लांब, वरची बाजू घासून गुळगुळीत केलेली. तो बाबांच्या कबरीवर लावायचा होता. लावला नाही, कारण त्याच्यावर बायबलातलं कोणतं वचन कोरायचं यावर आम्हा दोघा भावांचं एकमत होईना. दगड घडवणाऱ्यानं सहा महिने वाट पाहिली. मग एक दिवस त्यानं तो टेम्पोत घालून आणला, जांभळीच्या बुडाशी उतरवला आणि म्हणाला, "सर, अक्षरं ठरली का सांगजा. येणारे-जाणारे इचारतात का हा कोनाचा दगड हाये, कोरा काऊन. मी काय सांगू?"

दगड हळूहळू घरातलाच झाला. उन्हाळ्यात आई त्याच्यावर मिरच्या वाळवी. दूधवाला हिशेब करताना त्याच्यावर कॅन टेकवी. मांजर तर त्याच्यावरच मोठी झाली. सकाळी अंगण झाडता झाडता आई दगडापाशी आली की खराट्यानं त्याला हलकेच ढोसून म्हणायची, "पाय घ्या वर." बाबा जिवंत असताना याच जागी खुर्ची टाकून बसत, आणि ती हेच म्हणे. बाबा पाय वर घेत. दगड घेत नसे, एवढाच काय तो फरक.

दुपारी जेवण झाल्यावर मी खिडकीशी आडवा होतो. झोप लागली असं म्हणता येत नाही आणि जागा आहे असंही नाही, असा एक पट्टा असतो. त्या पट्ट्यात मला अंगणातून पेटीचा आवाज येई. बाबांची पेटी. तिच्या भात्याला फट होती, म्हणून प्रत्येक सुरामागं एक श्वास ऐकू यायचा, दम लागलेल्या माणसासारखा. मी डोळे उघडले की बाहेर फक्त दगड, मांजर आणि ऊन.

आता भांडणाचं सांगतो. गावात आमची ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. भांडायला आमच्याकडं शेत नाही, म्हणून आम्ही वचनांवर भांडतो. मी शाळेत गणित शिकवतो. माझा धाकटा भाऊ माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. तो लोणारला सरोवराच्या काठावर पाहुण्यांसाठी चहा-नाश्त्याचं हॉटेल चालवतो. बाबा दवाखान्यात कंपाउंडर होते आणि धाकट्यालाही त्यांनी तिथंच चिकटवलं होतं. बारा वर्षांपूर्वी तो ते सोडून लोणारला गेला. तेव्हापासून बाबा त्याच्याशी बोलले नाहीत. नाताळाला तो यायचा, पाया पडायचा. बाबा भिंतीकडं तोंड करून जेवायचे. नऊ वर्षं असं चाललं. मग एका दुपारी खुर्चीतच, कोणाला काही न सांगता, बाबा गेले.

दगडासाठी मी निवडलेलं वचन क्षमेचं होतं. शिष्य विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा का? आणि उत्तर मिळतं, सात वेळा नाही, सातदा सत्तर वेळा. माझी बायको म्हणाली, "अहो, सासऱ्यांच्या कबरीवर पाढा लिहिता का?" तिचं अगदीच चूक नव्हतं. गुणाकार असलेलं वचन सोडवत नव्हतं मला.

धाकट्यानं दुसऱ्या एका शुभवर्तमानातलं, म्हणजे येशूच्या चरित्रातलं, वचन पुढं केलं. त्यात म्हटलंय, भावानं तुझा अपराध केला तर त्याला दटाव, आणि त्यानं पश्चात्ताप केला तर त्याला क्षमा कर. "इथं अट आहे, दादा," तो फोनवर म्हणाला. "आधी पस्तावा, मग क्षमा. बाबा पस्तावले का? मले एक शब्द बोलले का? मग मी कायची क्षमा करू?"

"अरे, प्रार्थनेला उभा राहशील तेव्हा कोणाविरुद्ध काही असेल तर क्षमा कर, असं पण लिहिलंय. तिथं अट नाही."

"मग देवानं एकदा काय ते ठरवाव ना बाप्पा."

ही लढाई कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरकली. सकाळी सहाला गुलाबाच्या फुलावर माझं वचन जाई: सगळा राग, सगळा संताप टाकून द्या. सव्वासहाला लोणारहून सरोवराच्या फोटोवर उत्तर येई: रागवा, पण पाप करू नका. खाली एक ओळ: "दादा, तेच पत्र आहे, जरा वर वाचा." मी वाचलं. खरंच बायबलातलं तेच पत्र होतं, तेच पान होतं. वर रागवायला परवानगी होती, फक्त सूर्य मावळायच्या आत निपटवा म्हटलं होतं, आणि पाच-सहा ओळी खाली सगळा रागच टाकून द्यायला सांगितलं होतं. मी गप्प बसलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण शब्बाथ शाळेत, म्हणजे रविवारच्या बायबलवर्गात, मी एकदा पाठांतरात दुसरा आलो होतो, आणि तिथं दोनच पोरं होती हे मी कोणाला सांगत नाही.

एकदा त्यानं पाठवलं की, एका माणसाला राजा केल्याचा देवालाही पस्तावा झाला. देव पस्तावतो तर कंपाउंडरला काय जड? मी अर्धा तास पानं चाळून त्याच अध्यायात खाली शोधून काढलं की, देव काही माणूस नाही पस्तावायला. विजयानं ते पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "मग खरं कोणतं?" मी दोन्ही हात जोडल्याचं चित्र टाकलं. उत्तर नसलं की मी हात जोडतो. आमची एक मावसबहीण त्या दिवशी ग्रुपमधून बाहेर पडली. कारण दिलं, मोबाईलमध्ये जागा राहिली नाही.

या सगळ्यात आई काही बोलत नव्हती. ती जे करत होती ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी बुलढाण्याहून पाळक, म्हणजे आमचे पाद्री, येतात आणि आमच्या छोट्या देवळात येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून प्रभुभोजन होतं. (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो.) भाकरीच्या तुकड्यांचं ताट बाकाबाकावरून हातोहात फिरतं. बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाला ताट आईपाशी आलं, तिनं ते घेतलं, आणि काही न उचलता शेजारणीच्या हातात दिलं. मला वाटलं, डोळ्यांना नीट दिसलं नसेल. पुढच्या महिन्यात तेच. तिसऱ्या महिन्यात घरी येता येता मी विचारलं.

"तुम्ही दोघं माह्या दोन बाजूनं बसान तवा घेईन," आई म्हणाली. "एकानं मोताळ्यात तोंड फुगवाव, एकानं लोणारात. आन मी मधात बसून भाकर खाऊ? मले नाही उतरत."

"आई, तुझं वय काय, एकोणऐंशी. असं किती दिवस?"

"देवानं तवरक ठेवलं तं ठीकच हाये. नाही तं मी तिकडं जाऊनच जेवीन."

तीन वर्षं ताट तिच्या हातावरून तसंच पुढं गेलं. पाळकांनी समजावून पाहिलं, तर तिनं त्यांना चहा पाजला. धाकटा म्हणे, बाबांच्या दगडाचं ठरल्याशिवाय मी त्या देवळात पाय ठेवत नाही. मी म्हणे, तू बाबांना क्षमा कर म्हणजे दगडाचं ठरेल. आणि आई दर पहिल्या रविवारी धुतलेलं पांढरं लुगडं नेसून जाई आणि उपाशी परत येई.

इथवर वाचणाऱ्याला वाटेल, थोरला भाऊ किती क्षमाशील. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं.

धाकटा लोणारला निघाला तो दिवस मला झोपेतही स्पष्ट दिसतो. त्याची ट्रंक ओट्यावर. बाबा मुद्दाम सकाळीच कुठंतरी निघून गेलेले. धाकटा पेटीपाशी बसून एकच पट्टी दाबत होता, सोडत होता. त्याला पेटी बाबांनीच शिकवली होती. माझ्या बोटांना गणितच जमलं. मला त्याचा चेहरा पाहवेना. मी म्हणालो, "घेऊन जा ती."

"बाबा?"

"बाबाच म्हणाले, त्याला देऊन टाक म्हणून."

बाबा असं काही म्हणाले नव्हते. मला वाटलं, संध्याकाळी सांगू. भाता फुटका आहे, ते स्वतःच म्हणतात नवी आणावी. रागावतील आणि विसरतील. धाकट्यानं पेटी चादरीत गुंडाळली. बसमध्ये बसताना त्यानं ती मांडीवर घेतली होती आणि तो हसत होता.

दुपारी बाबा आले. जेवायच्या आधी त्यांची नजर कोपऱ्यात गेली. "पेटी कुठं आहे?" त्यांनी मला विचारलं.

मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होतो. सत्तर पोरांचा वर्ग माझ्या एका खाकरण्यानं गप्प होत असे. मी म्हणालो, "मले काय माहीत."

बायबलात गुरूला ओळखत नाही म्हणणाऱ्या शिष्यासाठी कोंबडा आरवतो; माझ्यासाठी काही आरवला नाही, कारण दुपारचा एक वाजला होता.

बाबा म्हणाले, "न विचारता नेली ना." पुन्हा कधी त्यांनी पेटीचं नाव काढलं नाही. त्यांचा स्वभावच तसा, राग नाव न घेता धरायचे. देवळात ते नुसत्या टाळ्यांवर गीतं म्हणायला लागले. धाकट्याला वाटत राहिलं की, दवाखाना सोडल्याचा राग आहे. मी उद्या सांगू, परवा सांगू म्हणत नऊ वर्षं काढली. पुढं पुढं तर मलाही वाटायला लागलं की, खरंच मला काय माहीत. मग बाबा गेले, आणि सांगायला कोणी उरलं नाही. त्यानंतर मी दुसऱ्याला क्षमेची वचनं पाठवायला लागलो.

गेल्या फाल्गुनात, महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आधीच्या शनिवारी, सकाळी मी दाढी करत होतो. मागं खराट्याचा आवाज आला. "पाय घ्या वर," आई म्हणाली. मग बराच वेळ काही आवाज नाही. मी वळून पाहिलं. ती दगडाशी वाकून, मोतीबिंदू झालेला डोळा जवळ नेऊन, त्याच्यावर बोटं फिरवत होती. अक्षरं शोधत होती. "मले वाटलं रात्रीतून लिहिलं का काय कोणी," ती म्हणाली, आणि पुन्हा झाडायला लागली.

मी अर्धी दाढी तशीच पुसली. एक वचन आहे: वेदीपाशी देणगी घेऊन आलास आणि तिथं आठवलं की, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर देणगी तिथंच ठेव आणि आधी त्याच्याकडं जा. हे वचन मी ग्रुपवर कधी टाकलं नव्हतं. बायकोला म्हणालो, जिल्ह्याच्या गावी काम आहे. फोन करून गेलो असतो तर फोनवरच हवापाण्यावर बोलून परत फिरलो असतो, म्हणून फोन केला नाही.

राजूरचा घाट, बुलढाणा, चिखली. चिखलीला गाडी बदलली. मेहकरच्या पुढं माझा डोळा लागला असावा. शेजारच्या सीटवर बाबा येऊन बसले. त्यांच्या अंगाला दवाखान्याचा वास होता. मांडीवर काही नव्हतं, पण बोटं पट्ट्या दाबल्यासारखी हलत होती. मी म्हणालो, बाबा, एका वचनात आहे की, एक मुलगा रडून रडून मागायला गेला, तरी त्याला पश्चात्तापाला जागा सापडली नाही. आणि दुसऱ्यात आहे की, कोणाचा नाश व्हावा अशी देवाची इच्छाच नाही, सगळ्यांसाठी जागा आहे. मी कोणत्या धरू? बाबा खिडकीबाहेर कापणी झालेल्या गव्हाच्या वावरांकडं पाहत राहिले. "सरकून बस," एवढंच म्हणाले. जाग आली तेव्हा एक बाई कडेवरच्या पोरासकट मला तेच सांगत होती.

लोणारला उतरून मी धाकट्याच्या हॉटेलात गेलो. गल्ल्यावर त्याची बायको होती. मला पाहून ती उठून उभी राहिली, डोक्यावर पदर घेतला, आणि मग तोंडावर हात ठेवून हसायलाच लागली.

"दादा, तुम्ही इथं? अन् ते तर सकाळच्या गाडीनं तुमच्याकडं गेले."

"माझ्याकडं? कशाला?"

"ते मला काय सांगतात. वचनात लिहिलंय, मला गेलं पाहिजे म्हणाले. फोन करू का म्हटलं तर नको म्हणाले, फोन केला तर मोठा भाऊ वचनच ऐकवत बसतो."

म्हणजे चिखलीच्या स्टँडावर, किंवा मेहकरच्या अलीकडं कुठंतरी, आम्ही एकमेकांना धूळ उडवत पार केलं होतं. बहुतेक मी तेव्हा बाबांशी बोलत होतो.

तिनं पोहे दिले. मी मान खाली घालून खात होतो. समोरच्या फळीवर, भरतकामाच्या रुमालाखाली, पेटी होती. ती माझी नजर पाहून म्हणाली, "रोज पुसतात. वाजवतात रविवारीच. भाता दुरुस्त करा म्हटलं तर करू देत नाहीत, बाबांचा श्वास आहे म्हणतात." मग थांबून म्हणाली, "दादा, एक विचारू? बाबांनी ह्यांना एवढी जिवाची पेटी दिली, अन् मग नऊ वर्षं तोंड फिरवलं. एकाच माणसाच्या पोटात दोन्ही कसं? हे रातंदिस तेच विचारतात. म्हणतात, बायबलात एक वर आन एक खाली आहे ना, तसंच माह्या बापाचं."

मी पोह्यांची बशी बाजूला सारली.

मी उठून धारेवर गेलो. सरोवराच्या काठावर, वरच्या अंगाला, गोड पाण्याची धार पडते. बारा महिने पडते. लोक अंगावर घेतात, बाटल्या भरतात. आणि खाली, झाडीच्या पलीकडं, ते हिरवट, खारट, तोंडात धरवत नाही असं पाणी, निपचित. बायबलात एका पत्रात विचारलंय, एकाच झऱ्यातून गोड आणि कडू पाणी निघतं का? नाही निघत, हे उत्तर त्यात गृहीत आहे. त्या लिहिणाऱ्यानं लोणार पाहिलं नव्हतं असं मी पूर्वी विनोदानं म्हणायचो. त्या दुपारी मी धारेखाली ओंजळ धरून उभा होतो, खालून मोर ओरडत होते, सगळं सरोवर उन्हात तरंगल्यासारखं दिसत होतं, आणि मला कळलं की, लिहिणारा बरोबर होता. धार गोडच आहे. खारटपणा तिचा नव्हे; ती खाली उतरते तेव्हा तिच्यात मुरतो. बाबांच्या पोटात दोन्ही नव्हतं. पेटी दिली होती मी आणि तोंड फिरवलं होतं त्यांनी, आणि दोघांच्या मधे माझं 'मले काय माहीत' होतं.

तेवढ्यात फोन वाजला. आईचा नंबर, आवाज धाकट्याचा.

"दादा, कुठं हा तुम्ही?"

"धारेवर."

"कोणत्या धारेवर?"

"तुझ्या. लोणारात."

 तो हसला. "मी दगडावर बसेल हाओ. मांजर उठून नाही राह्यली, म्हणून अर्ध्याच दगडावर."

"तू काऊन गेला?"

"वचन आहे ना. भावानं तुझा अपराध केला तर तू स्वतः जा, आन एकटा असताना त्याले सांग."

"मी काय अपराध केला?" मी विचारलं. हे विचारताना माझा हात धारेखाली होता आणि तरी तळवा कोरडा वाटत होता.

"तीन वर्षं तुम्ही माह्या मागं लागले, माफ कर, माफ कर. मले नीट राग येऊ नाही देला, दादा. माहा बाप मेला, मले थोडं रागवायचं होतं. एवढंच सांगायचं होतं. सांगतलं. आता तुम्ही काऊन आले ते सांगा."

दोन्ही वचनं जा म्हणतात. ज्याचा अपराध झाला त्यानंही जावं, ज्यानं केला त्यानंही जावं. मधे कोणी थांबावं असं कुठंच लिहिलेलं नाही. मी सांगितलं. पेटीचं, दुपारच्या एकाचं, नऊ वर्षांचं. मुद्देसूद सांगायचं ठरवलं होतं, पण मोर मधे मधे ओरडत होते आणि मीही. शेवटी म्हणालो, "बाबांनी दिली नव्हती. त्यांना माहीतच नव्हतं. तू नेली असं त्यांना वाटत राहिलं."

तिकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मग आईचा आवाज आला, अगदी जवळून.

"पेटी घेऊन ये."

फोन स्पीकरवर होता. आईला कानाशी फोन धरला की ऐकू येत नाही, म्हणून घरात तो नेहमी स्पीकरवरच असतो, हे मला बारा वर्षं माहीत होतं.

"दादा," धाकटा म्हणाला, "आज सूर्य किती वाजता बुडते?"

गणिताच्या मास्तराला असं काही विचारलं की, तो कसल्याही अवस्थेत उत्तर देतो. "साडेसहाच्या पुढं. पाच-दहा मिनिटं."

"तुमची गाडी कधी येते?"

"सव्वासातच्या आत नाही."

"मग असू द्या," तो म्हणाला. "सावकाश या."

पेटी मांडीवर घेऊन मी परतीच्या गाडीत बसलो. खड्डा आला की भात्यातून हवा निघे आणि ती हलकेच कण्हे. कंडक्टर म्हणाला, "काका, कोनी आजारी हाये का त्यात?" चिखलीच्या पुढं सूर्य खिडकीच्या उंचीला आला, मग तुरीच्या कापलेल्या खुंटांवर, मग एका शाळेच्या कौलांवर. मी त्याच्याकडं तसा पाहत होतो, जशी परीक्षेत पेपर काढून घ्यायला निघालेल्या मास्तराकडं पोरं पाहतात. घाटात तो बुडाला.

घरी आलो तेव्हा धाकटा जांभळीखाली होता. त्यानं माझ्या हातातून पेटी घेतली, माझ्याकडं पाहिलं नाही. शर्टाच्या टोकानं तिच्यावरची धूळ पुसली. जेवताना तो भिंतीकडं तोंड करून बसला. तीच पाठ, तीच वाकलेली मान, घास चावताना कानामागं हलणारी तीच शीर. आई दोघांच्या मधे पोळ्या वाढत होती आणि माझ्याशी पोळीपुरतंच बोलत होती. मी माझ्या बापाच्या पाठीसमोर जेवलो. ते मला बरंच वाटलं, का ते सांगता येत नाही.

सकाळी तो देवळात आला. तीन वर्षांत पहिल्यांदा. पेटी त्यानं समोर मांडली, आणि बाबा टाळ्यांवर म्हणायचे ते गीत वाजवलं. भात्याचा श्वास अख्ख्या देवळानं ऐकला. म्हाताऱ्या बायका एकमेकींकडं पाहू लागल्या. मग तो बाकावर येऊन बसला, आईच्या डाव्या बाजूला. उजव्या बाजूला मी. तिनं म्हटलं होतं तसंच.

ताट डावीकडून आलं. धाकट्यानं तुकडा घेतला. आईनं ताट हातात घेतलं, डोळा जवळ नेला, दोन बोटांनी एक तुकडा उचलला आणि मुठीत धरून ठेवला. तोंडात घातला नाही. ताट माझ्यापुढं आलं. मी हात मागं घेतला. ज्याच्या मनात माझ्याविरुद्ध काही आहे तो दोन हातांवर बसला होता, आणि काल सूर्य बुडाला होता. मी ताट पुढच्या माणसाकडं सरकवायला गेलो, तर ते सरकेना. आईच्या मांडीवरून हात लांब करून धाकट्यानं ताटाची कड धरली होती. तो समोर पाळकांकडं पाहत होता. कपाळावर आठी होती. मी ओढलं, त्यानं सोडलं नाही. मागच्या बाकावर कोणी तरी खोकलं.

धाकट्यानं मला जन्मात कधी 'तुम्ही' सोडून हाक मारली नव्हती. दात न उघडता तो म्हणाला, "घे बे. हात दुखून राह्यला."

मी घेतला. तेव्हा आईनं मूठ तोंडाशी नेली. तीन वर्षांचं तिचं चावणं फार हळू होतं. पाळक पुढचं वाचायचे थांबले होते.

देऊळ सुटल्यावर आम्ही कबरस्थानात गेलो. मी बाबांच्या मातीपाशी उभा राहून जे सांगायचं होतं ते मोठ्यानं सांगितलं. उत्तर आलं नाही. हा बाबांचा जुनाच स्वभाव. धाकटा पाठीमागं उभा होता. परत निघताना तो माझ्या पुढं दहा पावलं चालला, आणि फाटकापाशी थांबला, कारण आईचा एक हात माझ्या हातात होता आणि दुसरा मोकळा होता.

त्याचा राग अजून गेलेला नाही. रोज सकाळी सव्वासहाला सरोवराचा फोटो येतो, पण वचन नसतं. मीही फक्त गुलाब पाठवतो. मधे एकदा फोटोखाली लिहिलं होतं, "भाता दुरुस्त करू का?" मी लिहिलं, "नको." तो म्हणाला, "मी आईला विचारलं होतं." मावसबहीण ग्रुपवर परत आली आहे.

दगडाचं आईनंच ठरवलं. दगड घडवणारा आला तेव्हा आम्ही दोघंही तोंड उघडणार होतो, तिनं हात वर केला. "वचन नको. ह्यायचं नाव टाका, आन खाली पेटी काढा." त्या माणसानं आयुष्यात कधी दगडावर पेटी काढली नव्हती. धाकट्यानं मोबाईलमध्ये फोटो दाखवला, त्यानं मान डोलावली आणि आठ दिवसांनी कोरून आणली. पट्ट्या फार बारीक होत्या म्हणून त्यानं गाळल्या, आणि कडी मात्र ठळक काढली. त्यामुळं ती वाजवायची पेटी न दिसता कंडक्टरची तिकिटांची पेटी दिसते. नवीन माणूस कबरस्थानात आला की विचारतो, तुमचे वडील एसटीत होते का. आई त्याला दुरुस्त करत नाही. अंगणात जांभळीखाली आता दगडाच्या मापाची गवत नसलेली जागा आहे, आणि सकाळी झाडताना ती तिथं आली की खराटा जरासा उचलून घेते.